बेचाळीस पायऱ्या आणि एक बंद खोली

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार लिहिते आहे, कारण एकत्र लिहिलेला तुम्ही तिच्यापर्यंत पोचू देत नाही असं ती मागच्या भेटीत म्हणाली. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याबद्दल विचारत नाही. त्याच्याविषयी कोणी चांगलं बोललं की तोही दुखायला लागतो असा तुमचा अनुभव आहे. कानाचं यंत्र वापरता का? (नसालच वापरत, असं धरून फोन न करता पत्र लिहिते आहे. शिवाय जे सांगायचं आहे ते कागदावर असलेलं बरं. शेवटपर्यंत वाचल्यावर तुम्हाला कदाचित उलटं वाटेल.) गॅलरीतला तो बांबूचा पडदा अजून आहे ना? वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या दोरीला जे वजन बांधलं होतं ते जागेवर आहे का, मामीला सहज विचारून ठेवा. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला, लेकीची परीक्षा आली, आणि मी रोज झोपण्याआधी दोन पानं डायरी लिहिते ती सवय अजून सुटलेली नाही. खरं तर गेल्या सात महिन्यांत दोन पानं पुरेनाशी झाली, म्हणूनच हे पत्र.

सात महिने मी वाटाघाटी करते आहे. हे वाचून तुम्ही हसला असाल. आई म्हणायची, की हिला भाजी आणायला पाठवलं तर भाजीवाल्यालाच दया येऊन तो भाव कमी करतो. तेच खरं आहे. पण आमच्या साहेबांनी माझ्या टिपणीवर 'चर्चा करावी' असा शेरा मारला, आणि कोणी कोणाशी करावी हे न लिहिल्यामुळे ती माझ्याच गळ्यात पडली. (साहेबांनी नोकरीत आजवर या दोन शब्दांपलीकडे काही लिहिल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही. मुलीच्या लग्नपत्रिकेच्या मसुद्यावरही त्यांनी तेच लिहिलं होतं म्हणतात.)

आमची इमारत तुम्हाला मी काय सांगावी. तळमजल्यावरच्या वजनमापे कार्यालयात तुम्ही एकतीस वर्षं काढलीत, त्यातली शेवटची नऊ मुख्य म्हणून. आमचं निवृत्तिवेतन कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या मजल्यावर तिसरंच खातं. लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत अजून मोडक्या खुर्च्याच आहेत. दरवर्षी एकदा प्रत्येक निवृत्त माणसानं आमच्याकडे समक्ष येऊन आपण हयात आहोत असं दाखवायचं, म्हणजे पुढच्या वर्षाचं वेतन चालू राहतं. त्यासाठी बेचाळीस पायऱ्या. तेविसाव्या पायरीवर एक निवृत्त परिचारिका दरवर्षी दम खायला बसतात. दोन वर्षांपूर्वी मी खाली उतरत होते तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमची पद्धत चोख आहे हो. वर पोचला तो जिवंत. नाही पोचला त्याची फाइल बंद करायला तुम्हालाच सोपं." मी हसले. त्या रात्री डायरीत लिहिलं, की आपण हसलो ते विनोद चांगला होता म्हणून, की उत्तर नव्हतं म्हणून? उत्तर अजून लिहायचं राहिलं आहे.

गेल्या वर्षी त्या तेविसाव्या पायरीवर बसल्या आणि तिथूनच परत गेल्या. मला कळलं तेव्हा मी नोंदवही घेऊन खाली धावले, फाटकापाशी गाठलं, त्यांनी पिशवी पायाशी ठेवून सही केली. साहेब म्हणाले, "फाटक म्हणजे कार्यालय नव्हे. नियमात 'कार्यालयात समक्ष' असं आहे." मी म्हटलं, निदान तेविसावी पायरी तरी धरा. ते म्हणाले, पायरीही नव्हे. बाईंचं तीन महिने वेतन थांबलं, आणि मग त्यांच्या पुतण्यानं आणि शेजाऱ्यानं त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, एखाद्या पाहणीला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यासारख्या, आणि वर आल्यावर मला म्हणाल्या, "घ्या. आणलं मला." मी मान खाली घालून शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी टिपणी लिहिली, की तळमजल्यावरची चार नंबरची खोली वर्षानुवर्षं कुलूपबंद आहे, ती आम्हाला मिळाली तर हयातीच्या दाखल्यांचं काम खालीच होईल. तिच्या दारावर 'जप्त तराजू व वजने' अशी पाटी आहे. ती पाटी तुमच्याच अक्षरातली आहे, मामा, तुमचा 'ज' मी कुठेही ओळखीन.

तर आता वाटाघाटी. तुमच्या जागेवर सध्या जे साहेब आहेत त्यांना सगळी इमारत 'काटा' म्हणते. माणूस सडपातळ, बोलण्याआधी शब्द पारड्यात घालून पाहतो आणि बहुतेक वेळा परत काढून ठेवतो. पहिला प्रश्न असा पडला की कोणी कोणाच्या खोलीत जायचं. जो जाईल तो गरजू, आणि जो गरजू त्याचं निम्मं हरल्यातच जमा. यावर दोन्हीकडून पाच पत्रं झाली. (आमचे शिपाईकाका, जे पूर्वी तुमच्या हाताखाली होते आणि आता निवृत्तीला आले आहेत, ती पत्रं खाली नेत. खाली आवक क्रमांक पडे, उत्तर तयार होई, वर येई, इकडे आवक क्रमांक पडे. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला पत्राला नऊ दिवस लागत. परिचारिकाबाई त्याहून लवकर चढतात.) अखेर असं ठरलं की मधल्या मजल्याच्या व्हरांड्यात, दोघांनाही बरोबर एकवीस पायऱ्या पडतील अशा जागी बसायचं. काट्यानं पायऱ्या स्वतः मोजल्या होत्या. त्या खात्याला आमच्याशी घेणंदेणं नव्हतं, पण त्यांनीही त्यांच्या दोन खुर्च्या वापरल्याबद्दल पत्र पाठवलंच. चहा कोणी कोणाला द्यायचा हाही पेच होता, कारण चहा घेतला की मिंधेपणा येतो. म्हणून आम्ही दोघांनी आपापल्या बाटलीतून आपापला चहा आणला आणि एकमेकांसमोर बसून न बोलता प्यायलो. पहिली बैठक तेवढीच झाली. इतिवृत्तात 'चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या बैठकीपर्यंत मला एवढं कळलं होतं की या बोलण्यात नकार कधीच देत नसतात. काटा म्हणाला, "तत्त्वतः मान्य आहे." मला इतका आनंद झाला की मी वर येऊन शिपाईकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तत्त्वतः म्हणाले ना? मग विसरा. 'अशक्य आहे' म्हणाले की सांगा, तेव्हा समजायचं भाव सुरू झाला." आणि तसंच झालं. चौथ्या बैठकीत ते म्हणाले अशक्य आहे, आणि पाचव्या मिनिटाला विचारलं, बदल्यात काय देणार. मी विचारलं, काय हवं. त्यांनी उत्तर दिलं नाही; मागणं म्हणजे गरज कबूल करणं. मीही सांगितलं नाही; देऊ करणं म्हणजे आधीच शिल्लक असल्याचं कबूल करणं. अर्धा तास आम्ही दोघं कबुतरांकडे पाहत बसलो. मामा, यातलं आमचं दोघांचं काहीच नव्हतं. खोली सरकारची, टेबलं सरकारची, व्हरांडाही सरकारचा. तरी वाटत होतं की जणू घरातली भांडी विकायला काढली आहेत. आपण दुसऱ्याचं राखता राखता ते आपलं कधी समजू लागतो, हे मी डायरीत तीन वेळा लिहून खोडलं आहे.

पाचव्या बैठकीनंतर घोटाळा झाला. दोघांच्या फायली एकाच पुरवठ्यातल्या, करड्या, एकसारख्या दोऱ्याच्या. जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावर फाइल उघडली तर आतली टिपणी माझी नव्हती. ती काट्यानं आपल्या वरिष्ठांसाठी तयार केलेली होती. मी लगेच फाइल मिटली. (म्हणजे पहिलं पान वाचून झाल्यावर मिटली. खरं लिहायचं तर दुसरंही वाचलं. आता तुम्हालाच फसवून काय उपयोग.) त्यात लिहिलं होतं: 'सदर खोलीची या कार्यालयास आवश्यकता नाही. तथापि मागणी होताच सोडल्यास भविष्यात इतरही मागण्या होतील. सबब प्रथम नकार देऊन, किमान एक जुने कपाट मिळाल्यास खोली सोडण्यास हरकत नसावी.' एक जुनं कपाट! आणि माझ्या टिपणीत, जी तेव्हा खाली त्यांच्या टेबलावर उघडी पडली असणार, मी लिहिलं होतं की वेळ पडल्यास दोन कपाटं, चार टेबलं, आमचा एकुलता एक चालू पंखा, आणि साहेबांनी मान्यता दिल्यास खिडकीची बाजूही देता येईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकविसाव्या पायरीवर फायली बदलून घेतल्या. ते म्हणाले, "मी उघडली नाही." मी म्हणाले, "मीही नाही." दोघंही पायऱ्यांकडे पाहत होतो.

सहाव्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं, आणि ते वाचणाऱ्याला वाटेल की दोन्ही बाजूंनी निकराची झुंज दिली. प्रत्यक्षात काय झालं ते फक्त तुम्हाला सांगते. मला लाज वाटत होती, की याची गरज एका कपाटाची हे मला चोरून कळलं आहे, तेव्हा एका कपाटावर सौदा करणं हा अन्याय होईल. म्हणून मी सुरुवातच दोन कपाटांनी केली. त्यांनाही लाज वाटत असावी, कारण ते म्हणाले, "दोन कशाला? अर्धं पुरे." मी म्हटलं, अर्धं कपाट कसं देणार. ते म्हणाले, मग राहू द्या, नकोच. मी म्हटलं, तसं चालणार नाही, पंखा घ्या. "पंखा? तुम्ही वर उकडून मराल." मी म्हटलं, आम्हाला सवय आहे. "मॅडम, हट्ट करू नका." मी म्हटलं, तुम्ही करताय. आमचा आवाज इतका चढला की त्या मधल्या खात्यातले लोक दारात येऊन उभे राहिले, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही कार्यालयांत बातमी पसरली की वाटाघाटी फिसकटल्या. शेवटी तेच हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही दुसरं पानही वाचलंत ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मी तुमचं परिशिष्टसुद्धा वाचलं. त्या परिचारिकाबाईंचं." माझ्या टिपणीला मी तेविसाव्या पायरीची हकिकत जोडली होती, आमच्या साहेबांनी ती वाचली असल्याची काही खूण नव्हती. काट्यानं ती वाचली होती, चोरून का होईना. थोड्या वेळानं त्यांनी आपल्या बाटलीतला चहा माझ्या कपात ओतला. मी घेतला. इतिवृत्तात हे नाही.

खोली आम्हाला, एक कपाट त्यांना, असं ठरलं. दोन्ही वरिष्ठांच्या सह्या झाल्या. (आमच्या साहेबांनी सवयीनं 'चर्चा करावी' लिहिलं होतं, मी दाखवल्यावर खोडून सही केली.) गेल्या सोमवारी आम्ही सगळे चार नंबरच्या दारापाशी जमलो. मी काट्याकडे पाहिलं. काट्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "चावी तुमच्याकडे आहे ना?"

मी म्हटलं, खोली तुमची, चावी आमच्याकडे कशी असेल. ते म्हणाले, ही खोली मुळात तुमच्या कार्यालयाची होती, आमच्याकडे तात्पुरती आली असं जुन्या आदेशात आहे, म्हणून मला वाटलं चावी मागं ठेवली असेल. त्यांनी कार्यभार घेतला तेव्हा यादीत 'चाव्या: अकरा' असं होतं आणि अकरा मोजून मिळाल्या, अकरावी कोणाच्या तरी सायकलची आहे हे परवा उघड झालं. सात महिने आम्ही ज्या खोलीसाठी कबुतरं मोजत बसलो ती दोघांपैकी कोणालाच उघडता येत नव्हती. कुलूप तोडायचं तर दोन्ही खात्यांची समिती, पंचनामा, आणि आतल्या जप्त मालाची यादीशी पडताळणी. यादी सापडत नाही. यादीशिवाय कुलूप तोडलं आणि एखादं वजन कमी भरलं तर जबाबदारी काट्यावर. समिती नेमायला दीड महिना लागेल, आणि दाखल्यांची मुदत या महिनाअखेर संपते. परिचारिकाबाईंनी पुतण्याकडून निरोप पाठवून विचारलं, खोली झाली का. मी कळवलं, तत्त्वतः झाली. पाठवल्यावर लक्षात आलं की मी काय शब्द वापरला.

असो. लांबलं पत्र. या सगळ्यातून मी काय शिकले हे सांगण्याइतकं माझं वय झालेलं नाही, पण एवढं दिसलं की आम्ही दोघांनी एकमेकांना फसवण्याची तयारी पुरेशी केली होती, मदत करण्याची मुळीच नव्हती. म्हणून ती करताना इतका आरडाओरडा झाला. प्रकृतीला जपा. मामीला ओरडू नका. थोरामोठ्यांचे आशीर्वाद नेहमी मागतेच, तसे याही वेळी मागते. या वेळी त्यांची नड जरा जास्त आहे.

तुमची भाची

ता. क. १ : काल शिपाईकाका माझ्या टेबलाशी आले आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "बाई, चार नंबरची चावी मोठ्या साहेबांच्या खिशात असायची. पितळी, पत्र्याचा बिल्ला लावलेली. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी गेले, चावीही गेली." मोठे साहेब म्हणजे तुम्ही. मला एकदम तुमची गॅलरी आठवली, पडद्याची दोरी आठवली, आणि दोरीच्या टोकाला काय लोंबतं तेही. लहान असताना लेक त्या बिल्ल्यावरचा चार वाचून दाखवायची. मामीला सांगा, पडद्याला दुसरं काहीतरी बांध.

ता. क. २ : टपालानं पाठवू नका. आवक नोंदवहीत 'निवृत्त अधिकाऱ्याकडून शासकीय चावी, अकरा वर्षांनी' अशी नोंद होईल, त्यावर खुलासा मागवला जाईल, आणि खुलासा येईपर्यंत तुमचं वेतन थांबवायचं की नाही हा कागद फिरून माझ्याच टेबलावर येईल. शिपाईकाका म्हणतात, कपाटाखाली सापडली असं लिहू. काटा म्हणाला, मी ऐकलं नाही असं समजा. मला ते लिहिता येणार नाही, मामा. तुम्ही समक्ष या, 'कार्यभार देताना देणे राहून गेले' असं एका ओळीत लिहून द्या. मी नोंद खरीच करीन, पण थोडक्यात करीन. तुमचं-माझं नातं मी काट्याला सांगितलं आहे. ते एवढंच म्हणाले, "तरीच." हे कौतुक होतं की नाही ते मला कळलेलं नाही.

ता. क. ३ : शिपाईकाका असंही म्हणतात, की आतले तराजू तुमच्याच काळात निकालात निघाले होते, आणि आत फक्त एक आरामखुर्ची आहे. दुपारी दोन ते साडेतीन मोठे साहेब 'जप्त मालाच्या तपासणीत' असायचे, तेव्हा आत कोणी जायचं नाही असा दंडक होता. मी यावर काही विचारत नाही. आमच्याकडून ती खोली तात्पुरती मिळवताना तुम्ही बदल्यात काय दिलं होतंत, तेवढं मात्र कधीतरी सांगा, शिकण्यासारखं असेल. खुर्ची चांगल्या स्थितीत असली तर ती परिचारिकाबाईंना बसायला ठेवीन म्हणते.

ता. क. ४ : आणि तुमचाही यंदाचा दाखला झालेला नाही. तुम्ही हयात आहात हे मला माहीत आहे, पण माझ्या माहितीला नियमात किंमत नाही. तीस तारखेच्या आत या. गुडघ्याची काळजी करू नका, रिक्षा थेट दारापर्यंत येते आणि चार नंबरच्या खोलीला एकही पायरी नाही. चावी विसरलात तर मात्र बेचाळीस आहेत.